कृषी केंद्रावरची अभ्यासिका : एका खुर्चीचा आठ वर्षांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याच्या बसस्थानकापासून पाच-सात मिनिटे चालत गेले की एका कृषी केंद्राच्या, म्हणजे बियाणे-कीटकनाशकांच्या दुकानाच्या, वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका लागते. या अभ्यासिकेची मी दोनदा सभासद झाले. पहिल्यांदा २०१४ ते २०१७ या काळात स्पर्धा परीक्षेची उमेदवार म्हणून, आणि दुसऱ्यांदा २०२२ पासून आजतागायत, पुण्यातील एका कर सल्लागाराच्या कार्यालयाचे हिशेब इथून सांभाळणारी कर्मचारी म्हणून. एकाच जागेत आधी नोकरीच्या आशेने आणि नंतर प्रत्यक्ष काम घेऊन बसलेली माणसे फार नसावीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. काही उणिवाही सांगायच्या असल्याने आणि मालकांशी रोजचा घरोबा असल्याने अभ्यासिकेचे नाव देत नाही. गावात कोणालाही ‘कृषी केंद्रावरची अभ्यासिका’ एवढे विचारले तरी तो जिना दाखवतो.

हा जिना बाहेरच्या बाजूने लोखंडी आहे. त्याच्या खालच्या अंगाला चपला-बुटांची मांडणी आणि तिच्या शेजारी दोन लोखंडी गोळे ठेवलेले असतात. एक ७.२६ किलोचा, मुलांचा, आणि एक ४ किलोचा, मुलींचा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे मैदानावर जाऊन १६०० आणि ८०० मीटर धावतात, गोळा फेकतात आणि सहाच्या सुमारास घामाने भिजलेले कपडे बदलून वर येऊन बसतात. मोठे दालन साधारण साठ खुर्च्यांचे आहे. प्रत्येक टेबलाला तिन्ही बाजूंनी प्लायवूडचा आडोसा, एक छोटा दिवा आणि एक सॉकेट आहे. मुलींच्या दोन रांगा खिडकीच्या बाजूला, वेगळ्या. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे आणि तो खरोखर चालतो. उन्हाळ्यात दुपारी वीज गेल्यावर पंखे, दिवे आणि इंटरनेटचे यंत्र मिळून साडेतीन तास चालल्याचे मी स्वतः मोजले आहे. स्वच्छतागृह स्त्रियांसाठी स्वतंत्र आहे, त्याची कडी आतून लागते, पाणी असते आणि झाकणाची कचरापेटी असते. ही बाब परीक्षणात लिहिण्याजोगी वाटू नये, अशी परिस्थिती आपल्या तालुक्यांमध्ये अजून आलेली नाही. २०१४ मध्ये इथेही ती सोय नव्हती, आणि आम्ही मुली दिवसभर पाणी न पिता बसत असू. मुलींनी मिळून मालकांना एकदा स्पष्ट सांगितले आणि त्यांनी पुढच्या महिन्यात बांधकाम सुरू केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

नाव नोंदवताना एक छापील अर्ज भरावा लागतो. नाव, गाव, शिक्षण, पालकांचा मोबाइल क्रमांक आणि शेवटी एक रकाना : ‘ध्येय’. २०१४ मध्ये मी त्या रकान्यात क्षणाचाही विचार न करता ‘तलाठी’ असे लिहिले होते.

ते ध्येय कुठून आले, हे सांगितल्याशिवाय या जागेचे माझ्या लेखी मोल काय, ते कळणार नाही. मी नऊ वर्षांची असताना बाबांबरोबर एका दाखल्यासाठी तहसील कार्यालयात गेले होते. आमचे काम होईना. साहेब दौऱ्यावर होते. बाबा बाहेर कडुनिंबाखाली बसले आणि मी आत लाकडी बाकावर. समोर एक लिपिक बाई होत्या. त्यांच्या टेबलावर शाईचा पॅड, शिक्क्यांची लाकडी मांडणी, दोऱ्याने बांधलेल्या फायली आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेली तपकिरी पर्स. दीड वाजता त्यांनी फायली बाजूला सारल्या, पर्सच्या खालून स्टीलचा डबा काढला आणि दुसऱ्या दोन बायकांबरोबर टेबलावरच वर्तमानपत्र अंथरून जेवायला बसल्या. माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी पोळीवर जवसाची चटणी घालून तो घास मला बोलावून दिला. त्या दिवसापर्यंत मी बायकांना फक्त वावरात, धुऱ्यावर बसून डबा खाताना पाहिले होते. पऱ्हाटीच्या ओळीत दिवसभर वेचणी करणारी माझी आई काम करत नव्हती असे कोण म्हणेल? पण तिच्या कामाला ना टेबल होते ना दीडची सुटी. मला तलाठ्याच्या अधिकारांचे काहीही आकर्षण नव्हते, आणि सातबारा कसा लिहितात हे तर ठाऊकच नव्हते. मला सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे होते आणि ज्या जागी माझी वाट पाहिली जाते अशा एका जागी जाऊन पोहोचायचे होते. आमच्या गावातून रोज दिसणारा आणि ‘साहेब’ म्हणवला जाणारा माणूस तलाठीच असल्याने त्या इच्छेला तेवढे एकच नाव सापडले.

तयारीच्या काळातील अभ्यासिकेबद्दल माझे मत चांगलेच आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी आले तेव्हा महिन्याचे शुल्क ३०० रुपये होते. दोन मराठी वर्तमानपत्रे आणि महिन्याची चालू घडामोडींची मासिके येत. जुन्या उमेदवारांनी सोडून गेलेल्या पुस्तकांचे एक कपाट होते, आणि त्यातील पुस्तकांच्या समासात आधीच्या तिघा-चौघांच्या अक्षरांतील टिपणे असल्यामुळे ती नव्या पुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी पडत. भिंतीवर सावित्रीबाई फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या तसबिरी आहेत. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले पंजाबराव परदेशात शिकून परत आले, त्यांनी वऱ्हाडात शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. शेतकऱ्याच्या मुलांनी शिकून शेतीचेच शहाणपण वाढवावे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या तसबिरीखाली बसून आम्ही साठच्या साठ जण शेतीतून बाहेर पडण्याची तयारी करत होतो, याचे मला तेव्हाही वाईट वाटे. परंतु बाजारात कापसाचे काय होते ते आम्ही घरी पाहतच होतो.

मी २०१९ ची तलाठी भरतीची परीक्षा दिली आणि थोडक्यात राहिले. २०२३ च्या भरतीत राज्यभरात ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये परीक्षा शुल्क होते. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार, हा हिशेब मांडायला वाणिज्याची पदवी लागत नाही. त्या वर्षी या अभ्यासिकेतून किती जण निवडले गेले याचा फलक जिन्याच्या वर लावलेला आहे; जे निवडले गेले नाहीत त्यांचा फलक कुठेही नसतो, आणि त्यांच्या वयाची तिशी याच खुर्च्यांवर उलटलेली असते. मालकांकडून याबाबत माझी एक अपेक्षा आहे. पाचव्या-सहाव्या वर्षीही शुल्क भरत राहणाऱ्या मुलाला एकदा जवळ बसवून इतर वाटा सांगणारे कोणी तरी इथे असायला हवे. खुर्ची भाड्याने देणाऱ्यावर ही जबाबदारी नाही हे मान्य आहे. तरीही या मुलांना वडिलांपेक्षा अधिक वेळ पाहणारा माणूस तोच आहे.

दरम्यान ज्या कामाचे स्वप्न पाहिले ते कामही जागचे हलले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून संगणकावर मिळू लागला, २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरील ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद करू लागले, आणि तलाठी हे पदनामही जाऊन ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. शाईचा पॅड आणि शिक्क्यांची ती मांडणी आता मला कोणत्याही परीक्षेत पास होऊन मिळणार नव्हती.

अभ्यासिकेत ‘कामाची खोली’ सुरू झाली ती टाळेबंदीनंतर. मार्च २०२० मध्ये पुण्याहून, हिंजवडीहून, नागपूरच्या मिहानमधून तरुण मुले लॅपटॉप घेऊन गावाकडे परतली. गावातल्या घरी एक तर नेटवर्क नाही, असले तर वीज नाही, आणि दोन्ही असले तर बसायला जागा नाही. आमच्या गावात मोबाइलला नेटवर्क मिळावे म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसावे लागते, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथे कोणी बसू शकत नाही. निर्बंध सैल होताच ही मुले अभ्यासिकेत येऊ लागली. पण अभ्यासिका म्हणजे शांतता, आणि यांचे काम म्हणजे बोलणे. राज्यघटनेचे कलम पाठ करणाऱ्याच्या कानाशी कोणी तरी हिंदीत ग्राहकाला मोबाइलचे बिल समजावून सांगत असे. भांडणे झाली, एकदा तर प्रकरण हातघाईवर आले. तेव्हा मालकांनी मागच्या बाजूचा, खताची पोती ठेवण्याचा भाग रिकामा करून घेतला, मध्ये प्लायवूडची भिंत उभारली, तिला आतून जुन्या गाद्यांचा फोम ठोकला आणि दहा खुर्च्यांची वेगळी खोली केली. तिथे बोलण्याची मुभा आहे.

आज त्या खोलीत माझ्याशिवाय नियमित येणारे सात जण आहेत. एक जण विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेतो, एक मुलगी नागपूरच्या वास्तुविशारदासाठी घरांचे नकाशे संगणकावर रेखाटते, एक जण दहावीच्या मुलांना गणित ऑनलाइन शिकवतो, एक मुलगा विदर्भाबाहेरच्या वाहिन्यांसाठी मराठी उपशीर्षके तयार करतो. दुपारी डबे एकत्र उघडतात तेव्हा लहानपणीच्या गोष्टी निघतात. फोन घेणाऱ्याला एसटीचा चालक व्हायचे होते, तेही लाल डब्याचाच. नकाशे काढणारीला पोलीस. गणिताच्या मास्तरांना मात्र मास्तरच व्हायचे होते. त्यांच्याजवळ पदवी आहे, शिक्षणशास्त्राची पदविका आहे, विद्यार्थीही आहेत, फक्त शाळा नाही. यांपैकी कोणाच्याही आताच्या कामाचे नाव त्यांच्या आईला नीट सांगता येत नाही. लहानपणी ‘मोठेपणी कोण होणार’ या निबंधात ज्या कामांची नावे आम्ही लिहिली, त्या प्रत्येक कामाला गणवेश होता, शिट्टी होती, खडू होता किंवा शिक्का होता. आता हातात असलेल्या कामाला बाहेरून दिसणारे असे काहीच नाही.

आणि नेमकी ही खुर्ची तिथेच उपयोगी पडते. २०२१ मध्ये मला हे हिशेबाचे काम मिळाले तेव्हा पहिले आठ महिने मी घरी बसून केले. सकाळी दहा ते सहा, आठवड्याचे सहा दिवस, दरमहा खात्यात जमा होणारा पगार. व्यापाऱ्यांची बिले टॅलीमध्ये चढवायची, दरमहा विवरण भरणाऱ्यांची विक्रीची विवरणे ११ तारखेपर्यंत आणि कराची विवरणे २० तारखेपर्यंत तयार ठेवायची. तरीही घरात ते काम आहे असे कोणालाच वाटत नसे. सासूबाई मनाने प्रेमळ आहेत, परंतु लॅपटॉपसमोर बसलेली सून त्यांना रिकामीच दिसे. “घरीच हायेस तं येवढी तूर निवडून घे वं,” असे म्हणून त्या सूप मांडीशेजारी ठेवून जात. पाहुणे आले की चहा मी करायचा, गॅसवाला आला की दार मी उघडायचे, शेजारच्या बाईंना बँकेत सोबत हवी असली की मी मोकळी. वाद घालून हे सुटत नव्हते, कारण कोणाचा हेतू वाईट नव्हता. काम म्हणजे बाहेर जाणे, हे त्यांच्या मनात जितके पक्के होते तितकेच माझ्याही मनात होते. तहसिलातल्या त्या बाई मी विसरले कुठे होते?

जानेवारी २०२२ मध्ये मी पुन्हा तो लोखंडी जिना चढले. मालकांनी तोच छापील अर्ज पुढे केला. नाव, गाव, शिक्षण भरले आणि ‘ध्येय’ या रकान्याशी माझा हात थांबला. बराच वेळ मी काही लिहीत नाही असे पाहून त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि विचारले, “काय लिवू ताई?” मग माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी निळ्या शाईने तिथे लिहिले : ‘काम’. त्यांच्या स्वतःच्या नावावर फौजदारकीच्या परीक्षेची सहा वर्षे आहेत आणि वयोमर्यादा ओलांडल्यावर त्यांनी ही अभ्यासिका काढली, हे मला नंतर कळले.

तेव्हापासून सकाळी सव्वानऊची एसटी मी पकडते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्याने महिन्याचा प्रवासखर्च निम्मा झाला, आणि अभ्यासिकेचे शुल्क त्या बचतीतून बऱ्याच अंशी निघते. पर्स असते, डबा असतो. पहिल्या आठवड्यातच घरातला फरक जाणवला. सासूबाई आता सकाळी “तुह्या ऑफिसचा टाइम झाला” असे म्हणतात आणि तूर निवडण्याचे काम संध्याकाळी आम्ही दोघी मिळून करतो. काम तेच, लॅपटॉप तोच, पगारही तोच. घरच्यांच्या डोळ्यांना मी जाताना आणि येताना दिसू लागले, एवढाच बदल. या अभ्यासिकेचे सर्वांत मोठे श्रेय मी कोणत्या सोयीला देत असेन तर या गोष्टीला, आणि ज्या स्त्रिया घरी राहून असे काम करत आहेत त्यांनी नऊशे रुपये खर्च वाटत असले तरी महिनाभर हा प्रयोग करून पाहावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

गेल्या पोळ्याला बाबा दारव्ह्याला आले होते. त्यांना मी मुद्दाम खोली दाखवायला नेले. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि विचारले, “साहेब कुठी बसते?” मी म्हटले, पुण्याला. “मंग तुह्यं काम कोन पायते?” मी त्यांना पडद्यावर कामाची नोंद कशी होते ते दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीची गोष्ट काढली. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज गाडी आमच्या शिवारातून जायची. इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने ती कापूस मुंबईकडे नेण्यासाठी बांधली, आणि १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होते. बाबांना लहानपणी त्या गाडीचा गार्ड व्हायचे होते. त्यांना आठवतो तो गार्ड हिरवे-लाल निशाण दाखवायचा, लहान स्थानकांवर कर्मचारीच नसल्याने उतरून तिकिटेही तोच द्यायचा आणि पुन्हा शिट्टी वाजवून डब्यात चढायचा. “त्याचा बी साहेब कधी कोनाले दिसला नाई,” बाबा म्हणाले, “सारं एकटाच पाये.” शकुंतला आता बंद आहे, दारव्हा मोतीबागच्या रुळांत गवत वाढले आहे आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड या रुंद मार्गाचे भराव तालुक्यातून पुढे सरकत आहेत. बाबा गार्ड झाले नाहीत, कास्तकार झाले. पण माझे काम त्यांना त्या दिवशी कळले, आणि ते कळायला त्यांना ही खुर्ची पाहावी लागली.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव खालच्या दुकानाची आहे. मृगाच्या सुमारास बियाण्यांसाठी रांगा लागतात तोवर ठीक असते, पण जुलै ते ऑक्टोबर या फवारणीच्या महिन्यांत कीटकनाशकांचा उग्र वास जिन्यातून वर येतो. दक्षिणेकडच्या दोन खिडक्या उघड्या असल्या तर दुपारनंतर डोके दुखते. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले आहेत. त्या जिल्ह्यात औषधांच्या साठ्यावर साठ-सत्तर मुले दिवसभर बसवताना ही बाब हलक्याने घेता येणार नाही. मी दोनदा सांगितल्यानंतर जिन्याच्या तोंडाशी दार बसवले गेले, त्याने वास निम्म्यावर आला. उघडी खोकी आणि गळक्या बाटल्या मागच्या गोदामात हलवणे हाच खरा उपाय आहे आणि तो अजून झालेला नाही. दुकान मालकांच्या थोरल्या भावाचे असल्याने विषय नाजूक आहे हे मी समजते, तरी तो सोडून देणार नाही.

दुसरी अडचण उन्हाळ्यातली. दालनात दोन आणि कामाच्या खोलीत एक कूलर आहे. पारा पंचेचाळिसाकडे गेला की कूलरशिवाय बसणे अशक्य, आणि कूलर लावला की फोनवर पलीकडच्याला घरघर ऐकू जाते. विम्याचे फोन घेणारा मुलगा बोलण्यापुरता कूलर बंद करतो आणि बाकीचे आम्ही सात जण घामाघूम होतो. त्यावरून कुरबुर होते, परंतु सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. कूलरच्या ताट्या दर मोसमात बदलत नाहीत, त्यामुळे मे अखेरीस खोलीत कुजक्या गवताचा वास येतो. पाणी मात्र टँकर घेऊन का होईना, कधी बंद पडू दिलेले नाही.

इंटरनेट एरवी उत्तम आहे. दोन वर्षांत मोठा खोळंबा एकदाच झाला, आणि तोही नेमका २० तारखेला : रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि माझ्याकडे चार व्यापाऱ्यांची विवरणे भरायची होती. मालक खालून धावत आले, स्वतःचा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून त्याचे इंटरनेट जोडून दिले आणि संध्याकाळपर्यंत दुकानाचे फोन त्यांनी भावाच्या मोबाइलवरून घेतले. अशी माणुसकी शुल्कात मोजता येत नाही. तरीही दुसऱ्या कंपनीची पर्यायी जोडणी असायला हवी. आठ जणांचा रोजगार एका तारेवर टांगून ठेवणे योग्य नाही.

वेळेबद्दलही लिहिले पाहिजे. अभ्यासिका सकाळी सहा ते रात्री दहा उघडी असते, परंतु मुलींना आठनंतर बसू देत नाहीत. सुरक्षिततेचे कारण दिले जाते आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण गावातच खोली घेऊन राहणाऱ्या, परीक्षा तोंडावर आलेल्या मुलींना रोजचे दोन तास मुलांपेक्षा कमी मिळतात, आणि शुल्क मात्र तेवढेच घेतले जाते. जिन्यावर दिवा आणि बसस्थानकापर्यंत सोबत, एवढ्या दोन गोष्टी केल्या तर हा नियम बदलता येईल.

सध्याचे दर असे : मोठ्या दालनाचे महिन्याला ६०० रुपये, कामाच्या खोलीचे ९००, एका दिवसाचे ५०, आणि कुलपाच्या कप्प्याचे वेगळे ५० रुपये. पावती मिळते. सोयाबीन निघाल्यावर किंवा कापूस विकल्यावर देतो म्हणणाऱ्या मुलांना मालक दोन-तीन महिने थांबतात, असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास परीक्षार्थींसाठी साडेतीन आणि बाहेरगावचे काम इथे बसून करणाऱ्यांसाठी चार देईन. सतत फोनवर बोलण्याचे काम असणाऱ्यांनी एप्रिल ते जून या काळात दुसरी सोय पाहिलेली बरी.

टेबलांचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो मार्गी लागत आहे. सध्याची टेबले चोवीस इंच रुंद आहेत. बहुपर्यायी प्रश्नांच्या काळात ती पुरत, कारण पुढ्यात एक पुस्तक आणि हातात एक पेन्सिल एवढेच असे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, नऊ पेपर आणि १,७५० गुण. आता मुले दिवसाला आठ-दहा उत्तरे हाताने लिहून काढतात, त्यांना डावीकडे पुस्तक, उजवीकडे वही आणि कोपर ठेवायला जागा लागते. आम्हा काम करणाऱ्यांचीही तीच तक्रार होती. मागच्या सोमवारी मालक सुताराला घेऊन आले आणि माझ्या टेबलाजवळ उभे राहून म्हणाले, “ताई, तुमचं सारं सामान मांडून दाखवा, तेवढं माप घेतो.” मी लॅपटॉप, खतावणी, बिलांचा गठ्ठा आणि गणकयंत्र रोजच्यासारखे मांडले. सुताराने टेप लावला तो चौतीस इंचांवर थांबला, आणि मालकांनी बियाणे कंपनीच्या वहीच्या मागच्या पानावर तो आकडा लिहून घेतला. अशी चार टेबले आधी कामाच्या खोलीत आणि मग दालनात दिवाळीपर्यंत येतील, असे त्यांनी सांगितले आहे. आली की इथे तशी भर घालीन.